आइन्स्टाईनची समीकरणं ‘सुटली’ म्हणजे नेमकं काय? गोष्ट अचूक उकलींची, व्हाया हेदवी आणि बनारस

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला लोक दोन गोष्टींसाठी जातात. एक दशभुज लक्ष्मीगणेशाचं देऊळ आणि दुसरी बामणघळ. समुद्रकाठच्या काळ्या खडकात एक अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत घुसते, पुढे जायला जागा उरत नाही आणि पाण्याचा फवारा सरळ वर उडतो. तुमच्या फीडवर याचा एखादा रील येऊन गेलाच असेल.

पण तो रील काढायचा तर भरतीची वेळ माहीत पाहिजे. त्यासाठी कोकणात एक जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहाच्या आसपास. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. कागद नको, अ‍ॅप नको.

हा हिशोब कामाचा आहे, पण ढोबळ आहे. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते आणि आपण पाऊण तास, म्हणजे 45 मिनिटं धरतो. किनाऱ्याचा आकार आणि वारा तर आपण धरतच नाही. फवारा नेमका किती उंच उडेल, हे कुठलंच सूत्र सांगत नाही.

आता प्रश्न असा की गुरुत्वाकर्षणाचं गणित कधी ढोबळपणा न ठेवता, शंभर टक्के अचूक सुटतं का? सुटतं. पण फार क्वचित. आणि अशा मोजक्या उकलींपैकी एका महत्त्वाच्या उकलीमागे एका कोल्हापूरकर प्राध्यापकाचा हात आहे.

आधी भरती आणि आइन्स्टाईनचा संबंध

न्यूटनच्या म्हणण्यानुसार गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढ. आइन्स्टाईन म्हणाला की वस्तुमान आणि ऊर्जा यांच्यामुळे अवकाश आणि काळ, म्हणजे अवकाशकाल, वाकतो आणि वस्तू त्या वाकलेल्या अवकाशकालातून आपली वाट काढतात.

लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या माणसाला आपलं वजनच जाणवणार नाही. म्हणजे मुक्तपणे पडणाऱ्याला गुरुत्वाकर्षण ‘गायब’ झालेलं दिसतं. मग खरं काय उरतं? उरतो तो जागेजागेवरचा फरक. पृथ्वी चंद्राकडे अशीच सतत पडत असते. पण चंद्राच्या बाजूच्या समुद्रावर ओढ जरा जास्त असते, पलीकडच्या बाजूला जरा कमी. या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाणी फुगतं आणि दिवसातून दोनदा भरती येते. हा फरक कितीही पडलात तरी पुसता येत नाही. अवकाशकाल वाकलेला असल्याची हीच खूण. म्हणजे बामणघळीतला फवारा ही एका अर्थाने त्याच वाकण्याची करामत आहे.

समीकरणं आहेत तरी काय?

25 नोव्हेंबर 1915 रोजी आइन्स्टाईनने बर्लिनमध्ये प्रशियन अकादमीसमोर आपली क्षेत्रसमीकरणं अंतिम रूपात मांडली. एका ओळीत मावतात, पण उलगडली की एकमेकांत गुंतलेली दहा समीकरणं होतात. डाव्या बाजूला अवकाशकाल किती आणि कसा वाकलाय, उजव्या बाजूला तिथे किती ऊर्जा आणि वस्तुमान आहे.

अडचण कुठे येते? समजा, बँक म्हणाली की व्याजदर कर्जाच्या रकमेवर ठरेल आणि कर्जाची रक्कम व्याजदरावर. एक माहीत नसताना दुसरं काढता येत नाही, दोन्ही एकदमच काढावी लागतात. इथेही तसंच. वस्तुमानामुळे अवकाशकाल वाकतो, वाकलेला अवकाशकाल वस्तुमानाला कसं हलायचं ते सांगतो आणि ते हललं की वाकणं बदलतं.

यात वीज आणि चुंबकत्व आणलं की गुंता वाढतो. त्यांची समीकरणं मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवली होती. पण विद्युतक्षेत्रातही ऊर्जा असते, म्हणजे तेसुद्धा अवकाशकाल वाकवतं. आणि वाकलेल्या अवकाशकालात विद्युतक्षेत्र सरळ पसरत नाही. त्यामुळे दोघांचीही समीकरणं एकदम सोडवावी लागतात. यांना आइन्स्टाईन-मॅक्सवेल समीकरणं म्हणतात.

मग ‘अचूक उकल’ म्हणजे काय?

शाळेतलं उदाहरण घेऊ. कोणत्या संख्येचा वर्ग 2? तुम्ही 1.41 म्हणालात तर ते अंदाजे उत्तर, कारण वर्ग केला की 1.9881 येतो. 1.4142 म्हणालात तर आणखी जवळचं, तरी अंदाजेच. ‘2 चं वर्गमूळ’ म्हणालात तर ते अचूक, तिथे काहीच शिल्लक राहत नाही.

आइन्स्टाईनच्या समीकरणांची अचूक उकल म्हणजे असं सूत्र, जे समीकरणात टाकलं की डावी आणि उजवी बाजू तंतोतंत जुळते. कुठलीही छोटी संख्या ‘सोडून द्या’ असं म्हणावं लागत नाही.

पण एक गैरसमज टाळायला हवा. अचूक याचा अर्थ ‘विश्वात हुबेहूब असंच आहे’ असा नाही. अचूक उत्तर मिळावं म्हणून प्रश्न सोपा करावा लागतो. तारा एकदम गोल धरा, तो फिरत नाही असं धरा, आजूबाजूला दुसरं काहीच नाही असं धरा. उत्तर अचूक असतं, प्रश्न मात्र आदर्श असतो.

पहिली उकल थेट युद्धभूमीवरून

समीकरणं मांडून महिनाही झाला नव्हता. जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड तेव्हा पहिल्या महायुद्धात आघाडीवर होता. 22 डिसेंबर 1915 च्या पत्रात त्याने आइन्स्टाईनला पहिली अचूक उकल कळवली. बुधाची कक्षा शतकात 43 विकला जादा का सरकते, हे आइन्स्टाईनने स्वतः अंदाजे पद्धतीनेच काढलं होतं. श्वार्झशिल्डने गोल, न फिरणाऱ्या ताऱ्याबाहेरचा अवकाशकाल पूर्णपणे लिहून दाखवला. पुढच्या मे महिन्यात आजारपणात त्याचा मृत्यू झाला.

या उकलीत एक खास अंतर येतं. सगळं वस्तुमान त्याच्या आत दाबलं तर प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. सूर्यासाठी ही त्रिज्या सुमारे 3 किलोमीटर, पृथ्वीसाठी सुमारे 9 मिलिमीटर. म्हणजे अख्खी पृथ्वी एका मोठ्या गोटीत. यालाच आपण आज कृष्णविवर म्हणतो.

आणि हे फक्त कृष्णविवरापुरतं नाही. मॅपवर ‘हेदवी’ टाकून तुम्ही घाटातून बरोबर उतरता, त्यातही हाच हिशोब आहे. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. त्यात उंचीमुळे अधिक 45 आणि वेगामुळे उणे 7. ही दुरुस्ती केली नाही तर दिवसाला दहाएक किलोमीटरची चूक साचत जाईल.

वीज जोडली की काय होतं?

1916 मध्ये जर्मन विमान-अभियंता हान्स राइसनर आणि 1918 मध्ये फिनलंडचा गुनार नॉर्डस्ट्रॉम यांनी विद्युतभार असलेल्या गोल वस्तूची उकल काढली. आज ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. गुरुत्वाकर्षण आणि वीज एकत्र घेऊन मिळालेली ही सगळ्यात साधी अचूक उकल.

तिच्यात श्वार्झशिल्डच्या सूत्रात एक पद वाढतं. वस्तुमानाचं पद अंतराच्या प्रमाणात घटतं, विद्युतभाराचं अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. दहापट लांब गेलात तर पहिलं दहावा हिस्सा उरतं, दुसरं शंभरावा. त्यामुळे लांबून वस्तुमानच जाणवतं, भाराचा परिणाम जवळ गेल्यावर कळतो.

गंमत म्हणजे भाराचं पद वस्तुमानाच्या उलट काम करतं. कारण समजायला सोपं आहे. विद्युतक्षेत्राची ऊर्जा वस्तूच्या आत नसते, बाहेर चहूकडे पसरलेली असते. तुम्ही जसजसे जवळ जाता, तसतशी त्यातली काही ऊर्जा तुमच्या मागे, बाहेर राहते. पृथ्वीच्या पोटात खोल उतरलं की वर राहिलेल्या गोल कवचाची ओढ एकमेकांत फिटते, तसंच हे. म्हणून आतली ओढ अपेक्षेपेक्षा कमी भरते.

भार एका मर्यादेपेक्षा जास्त धरला तर कागदावर घटनाक्षितिजच नाहीसं होतं, म्हणजे प्रकाशाला अडवणारी सीमाच उरत नाही. असं विश्वात प्रत्यक्ष घडेल, असं बहुतेक शास्त्रज्ञांना वाटत नाही.

कोलकात्याची कमाल

1947 मध्ये कोलकात्याचे सुधांशू दत्त मजुमदार आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे अकिलिस पापापेत्रू यांनी वेगळाच प्रश्न सोडवला. समान विद्युतभार एकमेकांना ढकलतात, वस्तुमानं एकमेकांना ओढतात. दोन्ही अगदी समसमान असतील तर?

तर मग कितीही वस्तू, कुठेही ठेवा, त्या जागच्या जागी राहतात. ओढ आणि ढकल तंतोतंत फिटते. याची अचूक उकल त्यांनी दिली. ही उकल एकापेक्षा जास्त कृष्णविवरांची असू शकते, हे 1972 मध्ये जेम्स हार्टल आणि स्टीफन हॉकिंग यांनी दाखवलं. म्हणजे उत्तराचा पूर्ण अर्थ कळायला 25 वर्षं गेली.

आता बनारस, आणि कोल्हापूरचे नारळीकर सर

विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म 1908 मध्ये कोल्हापूरला झाला. मुंबईत शिकून ते केंब्रिजला गेले. 1932 मध्ये मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांचं वय चोविशीच्या आत-बाहेर होतं. आपण ज्यांना ‘नारळीकर’ म्हणून ओळखतो ते जयंत नारळीकर म्हणजे त्यांचे चिरंजीव. विष्णुपंतांनी बनारसमध्ये सापेक्षता सिद्धांतावर काम करणारे विद्यार्थी घडवले. तेव्हा भारतात हा विषय करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती.

1942 मध्ये त्यांच्याकडे एक तरुण आला. प्रल्हाद चुनीलाल वैद्य. जन्म जुनागढजवळच्या शहापूरचा, वय 24. ना शिष्यवृत्ती, ना नोकरी. बरोबर पत्नी आणि तान्ही मुलगी. गाठीला असलेल्या पैशांवर जितके महिने निघतील तितके काढायचे आणि नारळीकर सरांकडे संशोधन करायचं, एवढाच बेत. देशात ‘छोडो भारत’चं आंदोलन पेटलेलं, जगात महायुद्ध चालू. अशा वेळी घरची पुंजी एका समीकरणावर लावणं म्हणजे धाडसच.

प्रश्न कोणता होता? श्वार्झशिल्डच्या उकलीत ताऱ्याबाहेर पूर्ण पोकळी धरलेली असते. पण खरा तारा चमकतो. म्हणजे त्याच्याबाहेर पोकळी नसतेच, प्रकाश भरलेला असतो. प्रकाश ही विद्युतचुंबकीय ऊर्जा आहे, म्हणजे तोही अवकाशकाल वाकवणार. शिवाय प्रकाश बाहेर जातो तसं ताऱ्याचं वस्तुमान घटत जातं. सूर्य दर सेकंदाला सुमारे 40 लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपात गमावतो.

बर्कहॉफच्या 1923 च्या प्रमेयानुसार गोल वस्तूबाहेर पोकळी असेल तर तिथला अवकाशकाल काळानुसार बदलूच शकत नाही. म्हणजे घटत्या वस्तुमानाचा तारा जुन्या चौकटीत बसतच नव्हता. चौकटच नवी हवी होती.

ती वैद्यांनी दिली. 1943 मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. त्यांच्या उकलीत वस्तुमान हा ठरलेला आकडा नाही. तुमच्यापर्यंत पोचलेला प्रकाश ज्या क्षणी निघाला, त्या क्षणी ताऱ्याचं जेवढं वस्तुमान होतं, तेवढं तुम्हाला जाणवतं. प्रकाशाच्या एकेका लहरीचा हिशोब इथे नाही. तो त्रिज्येच्या दिशेने बाहेर वाहणारा ऊर्जेचा झोत धरलाय. प्रश्न तेवढा सोपा केला, मग उत्तर अचूक मिळालं. आज ही उकल जगभर ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून ओळखली जाते.

गुरु-शिष्य पुढेही या वाटेवर राहिले. गोलाकार सममिती असलेल्या आणि काळानुसार बदलणाऱ्या विद्युतचुंबकीय क्षेत्रावरची दोघांची टिपणी 1947 मध्ये ‘नेचर’मध्ये आली. आणि 1970 मध्ये विल्यम बॉनर यांच्यासोबत वैद्यांनी वस्तुमान आणि विद्युतभार दोन्ही घटत जाणाऱ्या वस्तूची उकल मांडली, म्हणजे राइसनर-नॉर्डस्ट्रॉमची चमकणारी आवृत्ती.

पण याचा उपयोग काय?

1943 मध्ये हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर द्यायला जड गेलं असतं. सूर्यासाठी हा फरक इतका किरकोळ आहे की श्वार्झशिल्डची उकल पुरते. त्या काळी हे निव्वळ गणित होतं.

मग 1963 उजाडलं. प्रचंड ऊर्जा फेकणारे क्वेसार लक्षात आले. त्याच वर्षी रॉय केर यांनी फिरत्या कृष्णविवराची उकल काढली आणि 1965 मध्ये एझ्रा न्यूमन आणि सहकाऱ्यांनी तिच्यात विद्युतभारही जोडला. तारे कोसळताना ऊर्जा बाहेर टाकतात, तेव्हा बाहेरचं गणित कसं करायचं, हा प्रश्न आता खराखुरा झाला. आणि त्याचं उत्तर वीस वर्षांपूर्वीच्या एका भारतीय नियतकालिकात तयार होतं. 1965 मध्ये लिंडक्विस्ट, श्वार्ट्झ आणि मिसनर या तिघांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये निबंध लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच वैद्यांचं नाव होतं. पुढे हॉकिंग यांनी 1974 मध्ये कृष्णविवरंही हळूहळू विरतात असं मांडलं. त्या घटत्या वस्तुमानाचा अभ्यास करतानाही वैद्य मेट्रिक वापरली जाते.

विष्णुपंत पुढे पुणे विद्यापीठात प्राध्यापक झाले, 1991 मध्ये त्यांचं निधन झालं. वैद्य गुजरातमध्ये शिकवत राहिले, गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 2010 मध्ये गेले.

विद्युतभारित कृष्णविवरं खरंच असतात का?

मोठा भार असलेली, बहुधा नाहीत. दोन प्रोटॉनमधली विजेची ढकल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीपेक्षा साधारण 1 वर 36 शून्यं इतक्या पट मोठी असते. त्यामुळे कुठल्याही ताऱ्यावर भार साचायला लागला की तो आजूबाजूचे विरुद्ध भाराचे कण खेचून घेतो आणि हिशोब जवळपास शून्यावर येतो.

तरी या उकली टाकाऊ नाहीत. कृष्णविवराच्या आत काय घडू शकतं, सिद्धांत कुठे तुटतो, हे तपासायला त्या लागतात. शिवाय संगणकाने काढलेलं उत्तर बरोबर आहे का, हे पाहायला अचूक उत्तर असलेलं एखादं गणित हाताशी हवंच.

जिथे अचूक उकल नाही तिथे?

दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरून एकत्र येतात, याची अचूक उकल आजही नाही. 2005 मध्ये पहिल्यांदा संगणकावर हे गणित नीट पार पडलं. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी अशाच टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. त्या लहरी ओळखायला अंदाजे पद्धती आणि संगणक लागले. पण टक्कर झाल्यावर जे स्थिरावतं, त्याचं वर्णन पुन्हा केर यांची अचूक उकलच करते.

तसंच एक यंत्र आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायचं ठरलंय. त्याच्या 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली.

एका नजरेत

- 1915 : आइन्स्टाईनची क्षेत्रसमीकरणं आणि श्वार्झशिल्डची उकल (गोल, स्थिर, भार नाही)
- 1916-18 : राइसनर, नॉर्डस्ट्रॉम (गोल, स्थिर, विद्युतभारासह)
- 1943 : वैद्य (गोल, प्रकाश टाकणारी, वस्तुमान घटणारं)
- 1947 : मजुमदार, पापापेत्रू (अनेक भारित वस्तू, ओढ आणि ढकल समसमान)
- 1963 : केर (फिरणारी, भार नाही)
- 1965 : न्यूमन आणि सहकारी (फिरणारी, भारासह)
- 1970 : बॉनर, वैद्य (गोल, वस्तुमान आणि भार दोन्ही घटणारे)

थोडक्यात

तिथीची पाऊणपट आणि वैद्य मेट्रिक या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिली खऱ्या समुद्राचं अंदाजे उत्तर देते, दुसरी एका आदर्श ताऱ्याचं अचूक उत्तर. विज्ञानाला दोन्ही लागतात. आणि आज निरुपयोगी वाटणारं अचूक उत्तर उद्या कोणाच्या कामाला येईल, हे आधी सांगता येत नाही. बनारसला पदरमोड करून राहिलेल्या वैद्यांनाही ते माहीत नव्हतं.

बाकी हेदवीला जाल तेव्हा पाऊणपट करून वेळ काढा, पण बामणघळीच्या काठापासून लांबच उभे राहा. उधाणाच्या दिवशी फवारा किती उंच जाईल, याची अचूक उकल अजून कुणाकडे नाही.